पिकअपला नवे टायर घेताय? आधी जुना टायर वाचा

दोन वर्षांपूर्वीची एप्रिलमधली रात्र. मोहोळकडच्या एका वस्तीवरून कांद्याच्या गोण्या भरून सोलापूरच्या मार्केट यार्डाकडे निघालो होतो. सावळेश्वरचा टोलनाका मागे पडला आणि पाचच मिनिटांत मागचा उजवा टायर फुटला. चार महिन्यांचा टायर! नक्षी अजून नव्यासारखी खोल होती. मोबाइलच्या उजेडात बघितलं तर साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) गोल फाटून वेगळी लोंबत होती. आत हात घातला तर मुठीत काळ्या रबराचा चुरा आला. स्टेपनी काढली, तर तिच्यात हवा जेमतेम. सकाळचा लिलाव हुकला. शेतकरी मला काही बोलला नाही, तेच जास्त लागलं.

नंतर कळलं की गाडीला मूळ १२ पीआरचे (पीआर म्हणजे प्लाय रेटिंग, टायरच्या ताकदीचा आकडा) टायर होते आणि मी त्याच साइजचे १० पीआरचे टाकले होते. दुकानात मी एकच प्रश्न विचारला होता, “केवढ्याला?” आणि उत्तर मिळालं होतं, “हेच टाका की ओ मालक, सगळे हेच टाकतेत.” सगळे कुठं चालवतात आणि किती माल भरतात, हे ना त्यानं विचारलं ना मी सांगितलं.

तेव्हापासून टायरचे दोन जोड बदलले. दर वेळी काय बघतो ते खाली क्रमानं लिहिलंय. बोलेरो पिकअप, दोस्त किंवा छोटा हत्ती पहिल्यांदाच घेतलेल्यांसाठी हे आहे. मुरलेल्या ड्रायव्हरला यातलं बरंच ठाऊक असेल.

१. उतरणारा टायर आधी वाचा

दुकानात जायच्या आधी गाडी सपाट जागी लावा आणि चारही टायर जवळून बघा. हात फिरवा. कंपनी कुठली घ्यायची हा प्रश्न शेवटी येतो. जुना का गेला, हा पहिला.

मधली नक्षी गेली आणि कडा शिल्लक असतील, तर हवा जास्त असायची. दोन्ही कडा गेल्या आणि मधला भाग शाबूत असेल, तर हवा कमी होती किंवा माल जास्त होता. बहुतेक वेळा दोन्ही. एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट (चाकं सरळ रेषेत असणं) किंवा पुढच्या चाकाचं कामकाज बिघडलंय. तळहात एका बाजूनं नेला तर मऊ लागतो आणि उलट बाजूनं करवतीसारखा खरखरीत लागतो, हीही अलाइनमेंटचीच खूण. ठिकठिकाणी खळगे पडलेत? शॉक अॅब्सॉर्बर किंवा बेअरिंग दाखवा. नक्षीचे तुकडे उडालेत, बारीक खडी रुतलीय, साइडवॉलवर चरे आहेत, तर गाडी डांबरीपेक्षा मुरमाच्या रस्त्यावर जास्त पळते.

कारण दुरुस्त न करता नवे टायर टाकले तर तेही त्याच वाटेनं जातात, फक्त पैसे दुसऱ्यांदा जातात. म्हणून आधी मेकॅनिक, मग टायरवाला.

बदलायची वेळ कधी? नक्षीच्या खाचांमध्ये आडव्या छोट्या पट्ट्या असतात. रबर झिजत त्या पट्टीच्या बरोबरीला आलं की १.६ मिलिमीटर उरलं, आणि चारचाकी गाडीसाठी कायद्याची किमान मर्यादाही तेवढीच आहे. पट्टीपर्यंत थांबू नका. मृगाचा पाऊस पडायच्या आधी निम्मी-अर्धी नक्षी तरी हातात असू द्या, कारण ओल्या रस्त्यावर पाणी बाहेर काढायचं काम त्या खाचाच करतात. साइडवॉलला फुगा आला असेल किंवा आतली तार दिसत असेल, तर नक्षी कितीही असो, तो टायर आजच उतरवा.

२. साइडवॉलवरचे आकडे वहीत उतरवून घ्या

फोटो काढलात तरी चालेल. पण शेजारच्याच्या गाडीचा नको, तुमच्या गाडीचा. आणि गाडी जुनी घेतली असेल तर आधीच्या मालकानं चुकीचा टायर टाकलेला असू शकतो, म्हणून दारावरच्या स्टिकरशी किंवा गाडीच्या पुस्तकाशी ताडून बघा.

साइज दोन पद्धतींनी लिहिलेली असते. ‘२१५/७५ आर १५’ म्हणजे रुंदी २१५ मिलिमीटर, उंची रुंदीच्या ७५ टक्के, टायर रेडियल (बनावटीचा प्रकार, चौथ्या मुद्द्यात येतो), रिम १५ इंची. ‘७.०० आर १५’ ही जुनी पद्धत, यात रुंदी इंचात. छोट्या हत्तीला ‘१४५ आर १२’, दोस्तला ‘१८५ आर १४’ अशा साइज दिसतील. पुढं ‘एलटी’ ही अक्षरं हवीत. हा हलक्या मालगाडीचा टायर. कारचा टायर त्याच रिमवर बसतो, म्हणून काही जण स्वस्तात तो टाकतात. तो माणसं वाहायला बनवलेला असतो, कांदा वाहायला नाही.

आता पीआर, ज्यानं माझा घात केला. पूर्वी टायरमध्ये कापडाचे थर मोजायचे, त्यावरून हा शब्द आला. आज १२ पीआर म्हणजे आत बारा थर आहेत असं नाही, ती ताकदीची श्रेणी आहे. साइज तीच आणि पीआर कमी असलेला टायर दिसायला सख्खा भाऊ असतो, किमतीला स्वस्त असतो आणि भरलेल्या गाडीखाली गरम होऊन फुटतो. गाडीला कंपनीनं दिलेल्या पीआरच्या खाली कधीच उतरू नका.

त्याहून नेमका आकडा लोड इंडेक्सचा, म्हणजे एक टायर किती वजन पेलतो त्याचा. साइजनंतर ‘११२/११०’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिला आकडा एकेरी चाकासाठी, दुसरा जोडचाकासाठी. पिकअपला मागे एकेकच चाक असतं, म्हणून पहिला बघायचा. १०० म्हणजे एका टायरवर ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०८ म्हणजे १,०००, ११२ म्हणजे १,१२० आणि ११६ म्हणजे १,२५० किलो. शेवटचं अक्षर वेगाचं. एल म्हणजे ताशी १२०, एन म्हणजे १४० किलोमीटर. आपल्या पिकअपला वेगाची चिंता नाही, वजनाची आहे.

३. एकदा काट्यावर जाऊन या

हे कुणी करत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नेहमीचा माल भरा. पन्नास किलोच्या तीस गोण्या म्हणजे दीड टन, हे तोंडी गणित. पण हौद्यात माल भरल्यावर मागच्या चाकांवर किती येतं, ते तोंडी कळत नाही. कुठल्याही वजनकाट्यावर आधी पूर्ण गाडी तोला. मग पुढची चाकं काट्याच्या बाहेर काढून फक्त मागची काट्यावर ठेवा आणि पुन्हा तोला. दुसऱ्या तोलाईचे पैसे काटेवाला वेगळे मागेल, द्या.

माझ्या गाडीचं मागचं वजन २,१५० किलो आलं. एका टायरवर १,०७५. म्हणजे लोड इंडेक्स १११ (१,०९० किलो) कसाबसा पुरला असता. पण माल दोन्ही बाजूंना सारखा कधीच बसत नाही, खड्ड्यात आपटल्यावर क्षणभर वजन वाढतं, आणि टायरचा आकडा खरा ठरतो तो हवा पूर्ण असेल तेव्हाच. म्हणून मी ११२ सुद्धा घेतला नाही, त्याच्या वरचा घेतला.

एक गोष्ट इथंच स्पष्ट करतो. मोठ्या लोड इंडेक्सचा टायर टाकला म्हणून जास्त माल भरायचा परवाना मिळत नाही. आरसीवरचं भरलेल्या गाडीचं वजन हीच हद्द. ओव्हरलोडचा दंड २०१९ पासून २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये आहे. एका फेरीच्या भाड्यातून तो निघत नाही.

४. नायलॉन की रेडियल, ट्यूब की ट्यूबलेस

नायलॉन म्हणजे आत दोऱ्यांचे तिरपे थर असलेला जुन्या पद्धतीचा टायर, रेडियलमध्ये दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात. नायलॉनची साइडवॉल जाड, कच्च्या रस्त्यावरचे ओरखडे सहन करते, किंमतही कमी. रेडियल लांबच्या रस्त्यावर कमी तापतो, जास्त किलोमीटर देतो, डिझेलही थोडं वाचवतो. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळीसच्या वर असतो आणि दुपारी पुणे किंवा हैदराबाद रस्त्याचं डांबर त्याहून कितीतरी जास्त तापतं. गाडी हायवेला धावत असेल तर मी रेडियलच सांगेन. दिवसभर उसाच्या फडात आणि विटांच्या भट्टीवर असेल तर नायलॉनवाल्याशी भांडणार नाही. पण एकाच आसावर एक नायलॉन आणि एक रेडियल, असं मात्र कधीच नको. दोघांची चाल वेगळी, ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते.

ट्यूबलेसचं म्हणाल तर आपल्याकडे खरा शत्रू वेडी बाभूळ. तिचा काटा ट्यूबमध्ये गेला की हवा भसकन जाते. ट्यूबलेसमध्ये तोच काटा बुचासारखा अडकून राहतो आणि हवा हळूहळू उतरते, गाडी गावापर्यंत येते. पण रिम ट्यूबलेसचीच हवी आणि तिची कड सरळ हवी. खड्ड्यात वाकलेल्या रिमवर ट्यूबलेस बसवलात तर रोज सकाळी हवा भरत बसाल. ट्यूबवाला टायर घेत असाल तर नव्या टायरात ट्यूबही नवीच. जुनी ट्यूब ताणून सैल झालेली असते, नव्या टायरात तिची घडी पडते आणि घडीवरच ती फाटते.

५. नक्षी: तुमची गाडी कुठं मळते?

सरळ उभ्या रेघांची नक्षी म्हणजे रिब. आडव्या जाड ठोकळ्यांची म्हणजे लग. दोन्हींची सरमिसळ म्हणजे सेमी-लग. रिब स्टिअरिंगला हलकी, आवाज कमी, हायवेला थंड. लग मातीत पकड घेते, पण डांबरीवर गुणगुणते, तापते आणि लवकर झिजते.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतून चादरी-टॉवेलचे गठ्ठे उचलून ट्रान्सपोर्टला टाकणं एवढंच काम असेल तर चारही रिब घ्या. आठवड्यातून तीन दिवस सांगोल्याच्या डाळिंबाच्या बागेत किंवा पंढरपूरकडं द्राक्षाच्या मळ्यात जायचं असेल तर पुढे रिब, मागे सेमी-लग. माझं हेच आहे. पूर्ण लग मी एकदा टाकून बघितली. पावसात आपली काळी माती खाचांत अशी गच्च भरते की दोन वाफे ओलांडले की लगही गुळगुळीतच. तिथं टायर नाही, ट्रॅक्टर लागतो.

पुढे-मागे वेगळी नक्षी घेतली की टायर पुढचे मागे फिरवता येत नाहीत, हे आधीच धरून चाला. डावी-उजवी अदलाबदल करता येते. साइडवॉलवर फिरण्याचा बाण असेल तर तीही नाही.

६. किती बदलायचे?

एका आसावरचे दोन्ही, किमान. एकच बदलला तर नवा आणि जुना यांच्या घेरात फरक पडतो, आणि मागच्या आसावर तो फरक डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअर) सोसत राहतं.

चारही सारख्या नक्षीचे आहेत आणि दोनच नवे घ्यायचेत, तर ते पुढे टाकायचे की मागे, यावर नाक्यावर चहाच्या दोन फेऱ्या होतात. ड्रायव्हर म्हणतात पुढे, कारण पुढचा फुटला तर स्टिअरिंग हातात राहत नाही. टायर कंपन्या हलक्या गाड्यांना नवा जोड मागे टाकायला सांगतात, कारण ओल्या रस्त्यावर मागचं चाक घसरलं की गाडी गरकन फिरते. मी कंपन्यांचं ऐकतो, पण पुढचे टायरही धड असतील तरच. पुढचे टक्कल पडलेले असतील तर हा वादच नाही, चारही घ्या.

रबर चढवलेले टायर? मागे, कमी अंतराला, ओळखीच्या माणसाकडून चढवून घेतलेले असतील तर चालवतात लोक. पुढे मात्र कधीच नाही.

७. दुकानात जाताना

सोबत ठेवा:
- आरसीची प्रत
- साइज, पीआर आणि लोड इंडेक्स लिहिलेला कागद
- काट्याची पावती
- स्वतःचं हवेचं मीटर (पेट्रोल पंपावरच्या मीटरवर माझा विश्वास नाही)
- जीएसटी नंबर, असल्यास

दर तीन दुकानांत विचारा आणि प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य बोला: “ट्यूब किंवा व्हॉल्व्ह, बसवणं, बॅलन्सिंग, टॅक्स सगळं धरून हातात किती?” नुसता टायरचा दर ऐकून खूश झालात की पुढं प्रत्येक गोष्टीचे शंभर-दोनशे जोडले जातात. टायरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. कुणी जुनं दरपत्रक पुढं सरकवत असेल तर तारीख बघा. जुन्या टायरचेही पैसे येतात. फुगा नसलेला, साइडवॉल शाबूत असलेला टायर रबर चढवायला जातो. तो दुकानात ‘राहू दे’ म्हणून सोडून येऊ नका.

टायर समोर आला की तीन गोष्टी बघा. आयएसआयची खूण. मालगाडीच्या टायरला ‘आयएस १५६३६’ हा नंबर असतो. मग बनल्याची तारीख. लांबट गोलात चार आकडे असतात. ‘१४२५’ म्हणजे २०२५ सालचा चौदावा आठवडा. बऱ्याच टायरवर ही तारीख एकाच बाजूला असते, त्यामुळे टायर उलटून बघा, लाजू नका. सहा महिन्यांच्या आतला असेल तर उत्तम. वर्षाच्या आसपासचा असेल तर दर उतरवून मागा. त्याहून जुना मी घेत नाही, रबर दुकानात पडून राहिलं तरी म्हातारं होतंच. आणि तिसरं म्हणजे जोडीतल्या दोन्ही टायरवरचा लोड इंडेक्स. एक तपासून दुसरा तसाच उचलू नका.

काही सापळे:

जुना टायर काळं पॉलिश मारून नव्यासारखा चमकवलेला असतो. नखानं खाचेत खरवडा, खरा रंग तिथं दिसतो. झिजलेल्या टायरला गरम पात्यानं नवी नक्षी कोरून विकणारेही आहेत. खाचेचा तळ खडबडीत लागला आणि झिजेच्या आडव्या पट्ट्याच गायब असतील तर समजून जा. आकडे घासून काढलेला टायर फुकट दिला तरी नको.

बिल पक्कं घ्या, आणि त्यावर प्रत्येक टायरचा सिरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटीचा सगळा जीव त्या नंबरात असतो. माझ्या फुटलेल्या टायरच्या बिलावर नुसतं ‘टायर २ नग’ लिहिलं होतं. अर्थात नंबर असता तरी क्लेम मिळालाच असता असं नाही. वॉरंटी बनावटीतल्या दोषाला असते. कमी हवा, जास्त माल किंवा दगडाचा कट यांना नाही. मंजूर झाला तरी नवा टायर फुकट मिळत नाही, राहिलेल्या नक्षीच्या हिशेबानं रक्कम वजा होते.

८. बसवताना तिथंच उभे राहा

चहाला जाऊ नका. रिम तारेच्या ब्रशनं घासून गंज काढला का, बघा. ट्यूबलेसला नवा व्हॉल्व्ह बसवायला सांगा. नट एकाआड एक, समोरासमोरचे आवळायचे असतात, गोल फिरत नाही. मशीननं आवळले तरी शेवटी हाताच्या पान्यानं बघायला लावा. मग बॅलन्सिंग आणि त्याच दिवशी अलाइनमेंट. पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बसलेले असतील किंवा टाय रॉडला खेळ असेल तर अलाइनमेंटचे पैसे पाण्यात, हे पहिल्या पायरीत सांगितलंच.

मोठी साइज टाकून गाडी उंच करायचा मोह पोरांना फार होतो. चाक पाट्याला किंवा मडगार्डला घासतं, स्पीडोमीटर खोटं बोलतो, आणि पासिंगला आरटीओत गाडी परत पाठवली की पुन्हा जुने टायर शोधत फिरावं लागतं. कंपनीनं दिलेल्या साइजवरच राहा.

नायट्रोजनचं विचारतात लोक. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. फुकट मिळाला तर भरा.

९. पहिले पंधरा दिवस

पन्नास-शंभर किलोमीटर झाले की नट पुन्हा आवळा. नव्या टायरला बनवताना लागलेला गुळगुळीत थर जाईपर्यंत जपून ब्रेक मारा.

हवा सकाळी, गाडी निघायच्या आधी, थंड टायरात बघायची. रिकाम्या गाडीची वेगळी आणि भरलेल्या गाडीची वेगळी, दोन्ही आकडे स्टिकरवर असतात. दुपारी टोलनाक्यावर थांबून मीटर लावलं तर हवा वाढलेली दिसेल. ती सोडू नका. टायर तापला की आतली हवा फुगते, ते ठरलेलंच आहे. सोडलीत तर रात्री थंड झाल्यावर टायर कमी हवेवर येतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच कमी हवेवर माल ओढतो. साइडवॉल वाकत राहते, आतून तापते आणि रबर भुगा होऊन सुटतं. तो चुरा मी मुठीत धरून बघितलाय.

आणि हवा बघताना पाचवा टायर विसरू नका. स्टेपनी पिकअपच्या पोटाखाली चिखलात लटकलेली असते, तिच्याकडं वाकून बघायचा कंटाळा येतो. मी आता दर सोमवारी सकाळी गाडी काढायच्या आधी गोणपाट अंथरून खाली शिरतो, तिची हवा बघतो आणि साखळीच्या नटाला थोडं ग्रीस लावतो.